व्हॅम्पायर ट्रेनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय हवाई दलाच्या जुन्या जेट विमानांवर बोलणं निघालं की हंटर, नॅट आणि मिग ही नावं आधी येतात. व्हॅम्पायरचं नाव आलंच तर १ सप्टेंबर १९६५ च्या, छांबच्या लढाईतल्या संध्याकाळपुरतं येतं. पण जेट विमान कसं उडवायचं हे आपल्या वैमानिकांची एक अख्खी पिढी ज्या दोन आसनी विमानात शिकली, ते हेच. त्याच्याबद्दल पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

व्हॅम्पायर ट्रेनर म्हणजे नेमकं कोणतं विमान?

ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं डीएच.११५. ब्रिटिश हवाई दलात ते टी.११ होतं, ब्रिटिश नौदलात टी.२२, आणि परदेशांना विकलेली आवृत्ती टी.५५. भारताकडे होती ती टी.५५. हवाई दलाने मागणी नोंदवण्याआधीच कंपनीने स्वतःच्या खर्चाने नमुना बांधला आणि तो १५ नोव्हेंबर १९५० रोजी पहिल्यांदा उडाला. ब्रिटिश हवाई दलात हे ट्रेनर १९५२ पासून दाखल होऊ लागलं.

दोन आसनं सोडली तर बाकीचं बरंचसं विमान दुसऱ्या महायुद्धातल्या रेखाटनांतून आलेलं आहे. ट्रेनर म्हणून त्याचे जे गुण सांगितले जातात, त्यांतले बहुतेक शिकवण्यासाठी म्हणून आखलेले नव्हते. युद्धकाळातल्या अडचणींवर शोधलेल्या उत्तरांतून ते आले.

मूळ विमान युद्धात कधी तयार झालं?

कागदावर १९४१ मध्ये. ब्रिटनला तेव्हा जेट इंजिनावरचं लढाऊ विमान हवं होतं. ग्लॉस्टर कंपनी दोन इंजिनांच्या मीटिऑरवर काम करत होती आणि डी हॅविलंडने एका इंजिनाचा मार्ग धरला. इंजिन फ्रँक हालफर्ड यांचं, पुढे गॉब्लिन या नावाने ओळखलं गेलेलं. विमानाच्या आराखड्याची जबाबदारी आर. ई. बिशप यांच्याकडे होती. मॉस्किटो हे गाजलेलं लाकडी विमानही त्यांच्याच चमूचं. पहिला नमुना २० सप्टेंबर १९४३ रोजी हॅटफील्डच्या धावपट्टीवरून उडाला. चालवत होते कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव जेफ्री डी हॅविलंड ज्युनियर. (हेच जेफ्री १९४६ मध्ये डीएच.१०८ या प्रायोगिक विमानाच्या अपघातात गेले. त्या विमानाचा पुढचा भागही व्हॅम्पायरचाच होता.)

शेपटीला दोन दांडे का? दिसायला वेगळं म्हणून?

नाही. यामागचं कारण समजलं की अख्खं विमान समजतं.

सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद बेताची होती. पहिल्या गॉब्लिनचा थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलणारा जोर, साधारण २,७०० पौंड. इंजिन धडाच्या मध्यावर ठेवून गरम वायू शेपटीपर्यंत लांब नळीतून न्यायचे म्हटले, तर त्या नळीतच थ्रस्टचा काही भाग वाया जाणार आणि वजनही वाढणार. डी हॅविलंडने धडच आखूड केलं. पुढे वैमानिक, त्याच्या पाठीशी इंजिन आणि लगेच बाहेर पडण्याचं तोंड. मग शेपूट कशाला जोडायची? पंखांतून मागे दोन दांडे काढले आणि त्यांच्यामध्ये आडवं पुच्छ बसवलं. गरम वायूंचा झोत त्या पुच्छाखालून मोकळा निघून जातो. हवा आत घेण्याची तोंडं पंख जिथे धडाला मिळतात तिथे, दोन्ही बाजूंना.

या रचनेमुळे वैमानिक पंखांच्या बराच पुढे बसतो आणि त्याला समोरचं आणि खालचं स्वच्छ दिसतं. विमान जमिनीपासून बुटकं राहतं, त्यामुळे चढणं-उतरणं आणि देखभाल सोपी जाते. तीन चाकांपैकी एक नाकाखाली असल्याने धावपट्टीवर विमान सपाट उभं राहतं. हार्वर्डसारख्या, मागे छोटं चाक असलेल्या विमानात जमिनीवर असताना नाक आकाशाकडे असतं आणि समोरचं नीट दिसत नाही. त्यावरून आलेल्या विद्यार्थ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवत असणार.

हे जेट लाकडी होतं, हे खरं आहे का?

अर्धं खरं. पंख, दांडे आणि शेपूट धातूचे. पण वैमानिक बसतो ते धड प्लायवूडचं होतं. प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड चिकटवलेलं, म्हणजे मॉस्किटोचीच पद्धत. युद्धात ॲल्युमिनियमची टंचाई होती आणि लाकडाचं काम जाणणारे कारागीर डी हॅविलंडकडे होते.

युद्ध संपलं तरी ही पद्धत सुटली नाही. १९५० च्या दशकात बांधलेल्या ट्रेनरचं धडही लाकडीच राहिलं. जेट म्हणजे धातूची चकचकीत वस्तू, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणून संग्रहालयात व्हॅम्पायर पाहताना पाट्या वाचण्याआधी धडाच्या पृष्ठभागाकडे लक्ष द्यावं असं मला वाटतं. रिव्हेटच्या रांगा पंखांवर दिसतात, धडावर मात्र तो पृष्ठभाग गुळगुळीत आहे. जतन करणाऱ्यांना याची किंमत मोजावी लागते. उघड्यावर ठेवलेल्या व्हॅम्पायरच्या लाकडात आणि डिंकाच्या सांध्यांत ओलावा शिरला, तर नुकसान वरून दिसत नाही.

व्हॅम्पायर महायुद्धात लढलं का?

नाही. उत्पादनातलं पहिलं विमान २० एप्रिल १९४५ रोजी उडालं आणि युरोपातलं युद्ध त्यानंतर काही दिवसांतच संपलं. डी हॅविलंडचे कारखाने दुसऱ्या कामांत गुंतलेले होते, म्हणून ही विमानं इंग्लिश इलेक्ट्रिकने बांधली. ब्रिटिश हवाई दलात ती १९४६ मध्ये आली.

युद्ध हुकलं तरी विक्रम भरपूर केले. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राउन यांनी सी व्हॅम्पायर, म्हणजे नौदलासाठीचं व्हॅम्पायर, एचएमएस ओशन या विमानवाहू जहाजावर उतरवलं. शुद्ध जेट विमान जहाजावर उतरण्याची ती पहिली वेळ. मार्च १९४८ मध्ये जॉन कनिंगहॅम यांनी ५९,४४६ फूट उंची गाठली. त्याच वर्षी जुलैमध्ये सहा व्हॅम्पायरनी अटलांटिक ओलांडला. जेट विमानांनी तो महासागर पार करण्याची ती पहिलीच वेळ होती.

एका आसनाच्या विमानात दुसरं आसन कुठून आलं?

मधल्या पायरीचं नाव आहे डीएच.११३, म्हणजे रात्री लढण्यासाठी केलेली आवृत्ती. अंधारात शत्रू शोधायला रडार लागतं आणि रडार पाहायला दुसरा माणूस लागतो. म्हणून कंपनीने धडाचा पुढचा भाग रुंद करून वैमानिक आणि रडार पाहणारा यांना शेजारी-शेजारी बसवलं, साधारण मॉस्किटोच्या नाइट फायटरमध्ये बसत तसं. ही विमानं इजिप्तने मागवली होती. ब्रिटिश सरकारने शस्त्रविक्रीवर बंदी घातली आणि ती ब्रिटिश हवाई दलाकडे गेली.

रुंद धड तयार होतंच. त्यातून रडार काढलं, दोन्ही बाजूंना उड्डाणाची नियंत्रणं बसवली आणि ट्रेनर उभं राहिलं. इंजिन अर्थातच सुधारलेलं, साडेतीन हजार पौंड थ्रस्टचं गॉब्लिन ३५.

शेजारी-शेजारी बसून शिकवण्याचा फायदा काय?

मीटिऑरच्या ट्रेनरमध्ये प्रशिक्षक मागे आणि विद्यार्थी पुढे अशी बैठक होती. मागच्याला पुढच्याचं डोकं दिसतं, हात दिसत नाहीत. व्हॅम्पायरमध्ये विद्यार्थी डावीकडे आणि प्रशिक्षक उजवीकडे, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीसारखे. विद्यार्थ्याची नजर कोणत्या घड्याळावर अडकली आहे, थ्रॉटलवरचा (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा) हात घाई करतो आहे का, चेहऱ्यावर गोंधळ आहे का, हे सगळं प्रशिक्षकाला दिसतं. पहिल्यांदा जेटमध्ये बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे, कारण जेटमध्ये चूक लक्षात येईपर्यंत विमान बरंच पुढे गेलेलं असतं.

तोटाही आहे. लढाऊ विमानात वैमानिक एकटा आणि मध्यभागी बसतो, त्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात. शेजारी बसून शिकलेल्याला ही सवय नंतर करावी लागते. आजची बहुतेक प्रगत ट्रेनर विमानं पुढे-मागे बैठकीची आहेत, त्यामागे हे एक कारण आहे. मला मात्र वाटतं, जेट नवं होतं आणि शिकवणारेही नुकतेच शिकलेले होते, त्या काळात शेजारची बैठकच योग्य होती.

कॉकपिट ऐसपैस होतं का?

अजिबात नाही. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसत.

सुरुवातीला इजेक्शन सीट नव्हती, असं ऐकलं आहे.

बरोबर ऐकलं आहे. अपघातात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी ही सोय पहिल्या टी.११ विमानांत नव्हती, आणि वरचं झाकण जाड चौकटींचं, नाइट फायटरच्या वळणाचं होतं. अपघातात त्या अरुंद जागेतून दोघांनी हाताने बाहेर पडायचं, तेही मागे दोन दांडे आणि आडवं पुच्छ असताना. नंतर मार्टिन-बेकरच्या इजेक्शन सीट बसवल्या गेल्या, चौकटींच्या जागी स्वच्छ झाकण आलं आणि उभ्या पुच्छांचा आकारही बदलला. जुन्या छायाचित्रातलं टी.११ आधीचं की नंतरचं हे ओळखायचं असेल तर झाकण आणि पुच्छ पाहावं.

उडवायला सोपं होतं का?

हवेत, हो. नियंत्रणं हलकी होती आणि हायड्रॉलिकची मदत नव्हती, त्यामुळे विमान वळवण्याच्या काठीवर जे जाणवे ते थेट हवेचं असे. वेगाची मर्यादा मात्र लवकर येई. आवाजाच्या वेगाच्या पाऊण पटीच्या थोडं पुढे गेलं की विमान थरथरू लागे. शिकण्यासाठी ही मर्यादा वाईट नाही. उच्च वेगात हवा कशी वागते हे विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेर अनुभवता येई.

दोन गोष्टी प्रत्येकाला नव्याने शिकाव्या लागत. पहिली थ्रॉटलची. पिस्टन इंजिनाचं थ्रॉटल पुढे ढकललं की ताकद लगेच मिळते. गॉब्लिनमध्ये फिरणारे भाग जड होते, त्यामुळे वेग हळूहळू वाढे आणि थ्रस्टसाठी काही सेकंद थांबावं लागे. उतरताना विमान खाली जातंय हे उशिरा लक्षात आलं, तर तेव्हा थ्रॉटल ढकलून उपयोग नसे. मागितलेली ताकद मिळेपर्यंत जमीन आलेली असे. अंदाज आधी बांधायचा, ही जेट वैमानिकाची पहिली शिस्त. गॉब्लिन ती सक्तीने शिकवे, आणि पुढची वेगवान विमानं चालवणाऱ्यांना तिचा उपयोग झाला.

दुसरी गोष्ट जमिनीवरची. नाकाखालचं चाक वैमानिकाला वळवता येत नसे, ते आपोआप फिरे. दिशा बदलायची ती डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक कमी-जास्त लावून. हे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत आणि त्यांची मूठ काठीवर होती.

इंधनावरही सतत लक्ष ठेवावं लागे. सुरुवातीची जेट इंजिनं खादाड, आणि कमी उंचीवर तर फारच.

त्यावर शस्त्रं होती का?

होती. २० मिलिमीटरच्या तोफा बसवता येत, आणि पंखांखाली रॉकेट वा बॉम्ब. त्यामुळे नेमबाजी शिकवण्यासाठी वेगळं विमान लागत नसे. लहान हवाई दलांसाठी हे फार सोयीचं होतं. एकच विमान शिकवायलाही आणि वेळ पडली तर हल्ल्यालाही.

भारतात व्हॅम्पायर कधी आलं?

पहिली विमानं नोव्हेंबर १९४८ मध्ये आली, ती एका आसनाची. १९४९ मध्ये क्रमांक ७ स्क्वाड्रन त्यांवर गेली. युद्धानंतर जेट वापरू लागलेल्या आशियातल्या पहिल्या हवाई दलांत आपण होतो. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने परवान्यावर व्हॅम्पायर बांधायला घेतलं, लढाऊही आणि ट्रेनरही. जेट विमान बांधण्याचं काम भारतीय कामगारांच्या हातात पहिल्यांदा आलं ते इथे. ज्या धडाचं प्लायवूड मुळात इंग्लंडच्या युद्धकाळातल्या टंचाईमुळे निवडलं गेलं, त्याच रचनेवर आपल्याकडच्या विमान उद्योगाची जेट युगातली पहिली पावलं पडली. रात्री लढणारी आवृत्ती, एनएफ.५४, क्रमांक १० स्क्वाड्रनकडे होती.

महाराष्ट्र आणि गोव्याशी याचा काही संबंध?

आहे. पुण्याच्या लोहगाव तळावर व्हॅम्पायरच्या स्क्वाड्रन होत्या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या ऑपरेशन विजयसाठी जी विमानं नेमली होती, त्यांत कॅनबेरा, हंटर आणि तूफानी यांच्याबरोबर व्हॅम्पायरही होती. दुसरा धागा बंगळुरूमार्गे कोल्हापूरकडे जातो. तो किरणच्या प्रश्नात येईल.

१ सप्टेंबर १९६५ ला नेमकं काय झालं?

पाकिस्तानी रणगाड्यांनी छांब भागात जोरदार मुसंडी मारली होती आणि लष्कराने हवाई दलाची मदत मागितली. पठाणकोटहून क्रमांक ४५ स्क्वाड्रनची १२ व्हॅम्पायर गेली. त्यांनी रणगाड्यांवर हल्ले केले आणि शत्रूची चाल मंदावली. मग पाकिस्तानी सेबर विमानं आली. एक व्हॅम्पायर जमिनीवरच्या माऱ्यात आणि तीन सेबरशी झालेल्या चकमकीत, अशी चार विमानं आपण गमावली. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेण्यात आलं.

सेबर व्हॅम्पायरपेक्षा कितीतरी वेगवान होतं, मागे कललेल्या पंखांचं होतं आणि हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं वाहू शकत होतं. व्हॅम्पायरची मूळ रेषा १९४१ ची. हे अंतर ठाऊक असूनही त्या संध्याकाळी आपले वैमानिक गेले, कारण खाली आपले जवान अडचणीत होते. या दिवसावरून विमानाला निकामी ठरवणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं. जे विमान तोवर आघाडीवर असायलाच नको होतं, ते तिथे होतं. दोष असलाच तर नवी विमानं पुरेशी लवकर न मिळण्याला द्यावा. त्या १२ वैमानिकांचं धैर्य त्या चर्चेत हरवू नये.

ही ४५ क्रमांकाची स्क्वाड्रन २०१६ मध्ये तेजस विमानांसह पुन्हा उभी राहिली.

आपल्याकडे प्रशिक्षणात त्याचं स्थान काय होतं?

विद्यार्थी आधी छोट्या पिस्टन विमानावर शिके. सुरुवातीला टायगर मॉथ, मग आपलं एचटी-२. पुढे हार्वर्ड, आणि त्यानंतर व्हॅम्पायर ट्रेनर. हैदराबादजवळचं हकीमपेट हे या शेवटच्या टप्प्याचं मोठं ठिकाण. तूफानी, मिस्टेअर, हंटर आणि नॅट या विमानांकडे जाणारे वैमानिक याच वाटेने गेले.

मग त्याची जागा कोणी घेतली?

एचजेटी-१६ किरणने. आधीचं एचटी-२ आणि नंतरचं किरण, या दोन्ही विमानांमागे डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव आहे. घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिकीचा अभ्यास केला आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये भारतीय विमानरचनेचा पाया घातला. एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. किरणचं पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी केलं.

किरणची बैठक पाहा. प्रशिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी. शेपूट एकच, धड धातूचं, इंजिन व्हायपर. बाहेरून व्हॅम्पायरशी काही साम्य नाही. पण आपल्या प्रशिक्षकांना व्हॅम्पायरने जी बैठक सवयीची केली, तीच किरणने पुढे चालवली आणि ती पन्नासहून अधिक वर्षं टिकली. नंतर आलेल्या हॉक या प्रगत ट्रेनरची बैठक मात्र पुढे-मागे आहे.

टी-३३ या अमेरिकन जेट ट्रेनरशी याचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते इंजिनाचं आहे. लॉकहीडच्या एक्सपी-८० या जेट नमुन्यासाठी अमेरिकेकडे योग्य इंजिन नव्हतं, म्हणून गॉब्लिन पाठवलं गेलं. जमिनीवरच्या चाचणीत हवा आत घेणाऱ्या नळ्या कोसळल्या आणि ते इंजिन खराब झालं. तेव्हा डी हॅविलंडने व्हॅम्पायरच्या दुसऱ्या नमुन्यासाठी ठेवलेलं इंजिन देऊन टाकलं. एक्सपी-८० ८ जानेवारी १९४४ रोजी उडालं ते त्या इंजिनावर.

पुढे त्याच नमुन्यातून आलेल्या एफ-८० चं धड सुमारे एक मीटर लांबवून दुसरं आसन मागे बसवलं आणि मार्च १९४८ मध्ये टी-३३ उडालं. म्हणजे दोन्ही देशांनी युद्धकाळातल्या एका आसनी जेटवरूनच ट्रेनर केलं. ब्रिटनने धड रुंद केलं, अमेरिकेने लांब. संख्येत टी-३३ फार पुढे गेलं, परवान्यावरची धरून साडेसहा हजारांहून जास्त बांधली गेली. जपानने एक व्हॅम्पायर टी.५५ घेऊन तपासलं आणि शेवटी टी-३३ निवडलं. पाकिस्ताननेही टी-३३ वापरलं.

आणखी कोणकोणत्या देशांकडे होतं?

यादी लांब आहे: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इराक, लेबनॉन, चिली, ब्रह्मदेश आणि इतरही. आयर्लंड आणि इंडोनेशिया यांच्या हवाई दलांचं पहिलं जेट म्हणजे व्हॅम्पायर ट्रेनरच. स्वित्झर्लंडने व्हॅम्पायर १९९० पर्यंत वापरलं.

आज ते कुठे पाहता येईल?

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात व्हॅम्पायर आहे. ब्रिटनला जाणं झालं तर लंडन कोलनीजवळचं डी हॅविलंड संग्रहालय चुकवू नका. मॉस्किटोची रचना झाली त्याच आवारात ते आहे. तिथे मॉस्किटो आणि व्हॅम्पायर एकाच फेरीत पाहता येतात, आणि दोघांच्या लाकडी धडांची तुलना करता येते.

उडणारी विमानं फार थोडी उरली आहेत. ब्रिटिश हवाई दलाने एक मीटिऑर ट्रेनर आणि एक व्हॅम्पायर ट्रेनर अशी जोडी प्रदर्शनांसाठी १९७२ पासून राखली होती. मे १९८६ मध्ये मिल्डनहॉलच्या प्रदर्शनात त्यांची हवेत टक्कर झाली. व्हॅम्पायरमधले दोघे इजेक्शन सीटमुळे वाचले, मीटिऑरमधले दोघे गेले. मीटिऑरच्या ट्रेनरमध्ये इजेक्शन सीट नव्हत्या.